आठवीतला माझा पहिला आठवडा

...आणि वर मलाच म्हणतात, "सर, तुम्ही आधी शांत व्हा!" अहो, मी शांतच आहे! बावीस वर्षं मास्तरकी केली, एकाच खोलीत चार-चार वर्ग सांभाळले, म्हणजे पहिली पाढे म्हणते आहे, दुसरी कविता म्हणते आहे, तिसरीत कोणीतरी कोणाला चावलं आहे आणि चौथीत शेळी शिरली आहे... तेव्हा मी शांत होतो. आणि आता स्वतःची पोरगी आठवीत गेली तर मी अशांत होईन? काहून होईन? तसं माझं काही नाही. माझं म्हणणं फक्त एवढंच...

नाही, थांबा. असं मधूनच सांगितलं की माझीच चूक वाटते. पहिल्यापासून सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

आमचं गाव साकोलीपासून बारा किलोमीटर. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. शिक्षक दोन, एक मी आणि एक भय्याजी गुरुजी, त्यांना रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं आहे आणि ते रोज सकाळी आल्याबरोबर उरलेले दिवस फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात. माझी पोरगी गुंजन याच शाळेत शिकली. पहिली ते सातवी. त्याच्या आधीची अंगणवाडीसुद्धा आमच्याच आवारात. म्हणजे तुम्हाला सांगतो, ही पोरगी तीन वर्षांची होती तेव्हापासून तिच्यात आणि माझ्यात फार तर एक भिंत, त्या भिंतीलाही खिडकी! शाळेत मला 'सर' म्हणायचं आणि घरी 'बाबा', असा नियम मीच केलेला. आता नियम केला की गोंधळ आलाच. घरी जेवायला बसलो की म्हणायची, "सर, वरणात मीठ नाही!" आणि शाळेत भर वर्गात हात वर करून, "बाबा, पाणी पिऊन येऊ काय?" की सगळे पोट्टे फिदीफिदी.

दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. रिता. त्यावर मी काही बोलत नाही, आजचा तो विषय नाही. सांगायचं एवढंच की तेव्हापासून ही सकाळी माझ्यासोबत शाळेत आणि संध्याकाळी माझ्यासोबत घरी. बोलणंही मोजकंच. एक दिवस नजरेआड नाही. आणि आता एकदम साकोली! सहाशे पोरं, दोन मजली इमारत, आठवीच्याच तीन तुकड्या. ही कोणाजवळ बसेल? काही अडलं तर कोणाला विचारेल? रडू आलं तर कुठं जाईल? रमेल का ही तिथं? ही एवढीच माझी काळजी. बापाला एवढीशी काळजी नसावी काय? बाकी तसं माझं काही नाही.

सोमवारी शाळा सुरू झाली. आमच्याकडे उन्हामुळे जूनच्या शेवटी सुरू होते, तुम्हाला माहीतच आहे. मुलींसाठी निळी बस येते, शाळेच्या वेळेला, खास मुलींसाठीच. मी गुंजनचं दप्तर घेतलं, पाण्याची बाटली घेतली, छत्री घेतली, आणि तिच्या मागोमाग चढायला लागलो, तर दारात कंडक्टर बाई.

"सर, तुम्ही कुठं?"

"साकोली."

"ही पोरींची गाडी आहे."

"मी पोरीचा बाप आहे."

"गाडीत पस्तीस पोरी आहेत. पस्तीस बाप चढवू काय?"

आता बघा, मी काय बोललो की चूक झाली? मी सरळ विचारलं, की मग तो ड्रायव्हर पुरुष आहे तो कसा चालतो? तर ती म्हणते, "मग त्याले उतरवते आणि तुम्हीच चालवा ना!" सगळ्या पोरी हसल्या. दप्तर, बाटली, छत्री तिनं माझ्या हातातून घेतली आणि टण्णकन घंटी मारली. निघाली बस.

मी काय करायला पाहिजे होतं? घरी जायला पाहिजे होतं? माझीही शाळा त्याच दिवशी सुरू होत होती, हे मला कळत नव्हतं काय? पण मी गाडीला किक मारली आणि निघालो बसच्या मागं. फक्त पोचते की नाही बघायला. बस थांबली की मी थांबायचो, बस निघाली की मी निघायचो. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे दिवस, दोन्हीकडे बांधावर माणसं, त्यातले अर्धे माझे जुने विद्यार्थी. एक तर बांधावरून ओरडला, "सरऽऽ, वरातीत चालले काय?" आणि मागच्या काचेला आठ-दहा पोरींची नाकं चिकटलेली. हात काय हलवतात, मला बोटं काय दाखवतात! आत त्या काय बोलत असतील ते मला बाहेरून ऐकू येत होतं, "ए गुंजन, तुहे बाबा मांगंच येऊन राहिले! ए गुंजन, पाह्य ना!" गुंजननं पाहिलं नाही. बारा किलोमीटर तिची मान समोर. डोक्याचा मागचा भाग फक्त दिसत होता मला.

संध्याकाळी म्हणाली, "बाबा, उद्या येऊ नका."

"नाही येत. काय कारण येण्याचं?"

मंगळवारी गेलो. कारण निघालं ना! आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची राहिली होती. आता झेरॉक्स पोरीजवळही देता आली असती, म्हणेल कोणी. पण महत्त्वाचा कागद आहे, तेरा वर्षांची पोरगी आहे, रस्त्यात वारा असतो... द्यावा काय तुम्हीच सांगा! कार्यालयात कागद दिला. मग म्हटलं आलोच आहे तर आठवी ब कुठं आहे ते पाहून घ्यावं. खिडकीतून डोकावलो. गुंजन तिसऱ्या बाकावर, भिंतीकडे. आणि फळ्याजवळ कोण? योगेंद्र! माझाच विद्यार्थी, माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला, तोच तिचा वर्गशिक्षक! गणित शिकवत होता. मला पाहिलं मात्र, खडू टाकला, धावत आला, सगळ्या वर्गासमोर वाकून पाया पडला.

"सर! या ना सर, आत या ना! बसा ना!"

मी नाही म्हणालो. दोनदा नाही म्हणालो. पण त्यानं हात धरून नेलं आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. आता मास्तराला खुर्चीवर बसवलं, समोर बावन्न पोरं, फळ्यावर गुणाकार... तुम्हाला सांगतो, माणसाचं तोंड त्याच्या हातात राहत नाही. मी म्हटलं, "काय रे योगेंद्र, सतराचा पाढा पाठ झाला का शेवटी? सतरा साते किती?"

सहज हो! प्रेमानं! आणि तो तीस वर्षांचा माणूस, एमएससी बीएड, दोन लेकरांचा बाप, हाताची घडी घालून उभा राहिला आणि म्हणाला, "एकशे... एकशे सव्वीस, सर!"

बावन्न पोरं एका सुरात ओरडली, "एकशे एकोणीऽऽस!"

बिचाऱ्याच्या कपाळावर घाम. मी म्हटलं असू दे, असू दे, बस खाली. आणि तो बसला! स्वतःच्याच वर्गात, पहिल्या बाकावर, पोरांच्या मधे! मला हसू आलं, पोरांना हसू आलं. एकच चेहरा हसत नव्हता, तिसऱ्या बाकावर, भिंतीकडे.

आणि त्याच वेळी भय्याजी गुरुजींचा फोन. मी खुर्चीवरून उठून व्हरांड्यात आलो. गुरुजी म्हणतात, "सर, पहिलीत नवीन दोन पोट्टे आले, दोघंही भोकाड पसरून राहिले, मी एकटा काय काय पाहू?" मी म्हटलं, "गुरुजी, इतकी वर्षं झाली तरी हे मी सांगू काय? आधी आईबापाला गेटच्या बाहेर काढा. आईबाप खिडकीशी उभे असले की लेकरू रमत नाही. खरा तमाशा तेच करतात!" असं मी ठणकावून सांगितलं आणि फोन खिशात टाकला आणि पुन्हा आठवी बच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

हसा. हसण्यासारखंच आहे. पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, त्याला मी काय करू?

त्या संध्याकाळी जेवताना मी विचारलं, काय शिकवलं आज? तर म्हणाली, "माझ्या वर्गशिक्षकाले पाढा विचारला तुम्ही."

"अगं, तो माझा..."

"आता सारे त्याले एकशे सव्वीस सर म्हणून राहिले!"

बुधवारचं सांगतो. बुधवारचं खरं म्हणजे सांगू नये. मी आत जाणारच नव्हतो, शपथेवर सांगतो, गेटच्या बाहेर उभा होतो, हेल्मेट हातात, गाडी वळवून ठेवलेली, बस आली, ती उतरली, आत गेली, आता मी निघणार... तेवढ्यात परिपाठाची शिट्टी झाली. सहाशे पोरं मैदानात. खेळाच्या सरांनी माईक हातात घेतला, तर माईक बंद. त्यांनी टकटक केलं, फुंकर मारली, मग तोंडानं ओरडायला गेले तर घसा बसलेला, पहिल्या आठवड्यात प्रत्येक मास्तराचा बसतो. आणि पोरं? पोरं काय थांबतात! पहिल्या रांगेत ढकलाढकली, शेवटच्या रांगेत मोबाईलच्या गप्पा, मधे कोणीतरी कोणाच्या वेणीला चिमटा लावतो आहे. राष्ट्रगीत व्हायचं आहे आणि ही अशी गडबड! दोन मिनिटं मी सहन केलं. तीन मिनिटं सहन केलं. मग मला कळलंच नाही... पोटातून, पार बेंबीच्या देठापासून आवाज निघाला,

"शाळाऽऽऽ साऽऽवधान!"

बावीस वर्षांचा आवाज आहे हो. चांगला आवाज आहे. सहाशे पोरं खटकन ताठ! खेळाचे सर ताठ! शिपाई झाडू घेऊन ताठ! रस्त्यावरून एक जण सायकलवर चारा घेऊन चालला होता, तो खाली उतरून ताठ! एवढी शांतता, की बंद माईकसुद्धा खरखरला. आणि सगळे माझ्याकडे बघतात. आता सावधान केलं तर पुढचं कोणी म्हणायला नको? कोणीच म्हणेना. किती वेळ पोरांना तसं ठेवायचं? मग मीच म्हटलं, "राष्ट्रगीत सुरू कर!" आणि त्यांनी केलं! सहाशे पोरांनी! पूर्ण राष्ट्रगीतभर मी गेटच्या बाहेर, मांडीला हेल्मेट लावून, सावधानमध्ये उभा. समोर आठवी बची रांग. त्यात गुंजनचे फक्त कान दिसत होते. लालभडक. तिच्या आईचेही असेच व्हायचे, मी चारचौघात मोठ्यानं बोललो की.

त्या दिवशी ती घरी आली, दप्तर ठेवलं, आणि माझ्यासमोर उभी राहिली. बसली नाही.

"बाबा, उद्या तुम्ही आले ना, तर मी होस्टेललेच राहीन. तिथं मुलींचं होस्टेल आहे. फॉर्म भेटते कार्यालयात. मी विचारून आली."

विचारून आली! माझ्या पोरीनं, जिला मी म्हणत होतो की अडलं तर कोणाला विचारेल, तिनं जाऊन विचारलं आणि काय विचारलं, तर माझ्यापासून लांब राहायचा फॉर्म!

मी म्हटलं, "नाही येत."

"शपथ?"

"शपथ."

"कोणाची?"

मी तिचं दप्तर उचलून खुंटीला लावलं. मग म्हणाली, "असू द्या. शपथ नका घेऊ. नुसतं येऊ नका."

तुम्हाला सांगतो, घर आमचं तीन खोल्यांचं. दोघांना आत्ताच मोठं पडतं. त्यात ती सोमवार ते शनिवार होस्टेलला गेली तर मी कोणाला वरण वाढायचं? पण ते जाऊ द्या. तसं माझं काही नाही.

गुरुवारी नाही गेलो. दिला शब्द पाळला. आपल्या शाळेत गेलो, भय्याजी गुरुजींनी मला पाहून फळ्यावरचा आकडा दोनदा मोजला, इतका त्यांना आनंद. फक्त फोन केले. फोनवर बंदी नव्हती! कार्यालयात केला, कारकून म्हणाला पोचली आहे. बरं, आता खिचडी मिळते आठवीपर्यंत, त्यात वाटाणे असले की ही बाजूला काढते, तर तेवढं सांगायला केला. मग वाटाणे होते की नाही विचारायला केला. मग ढग आले म्हणून केला, की छत्री वर्गात विसरू नको म्हणावं. चौथ्या-पाचव्या फोनला कारकून म्हणाला, "सर, तुम्ही अख्ख्या शाळेचं विचारता की एकाच पोरीचं?" मी म्हटलं एकीचंच. तर म्हणतो, "नाही, मले वाटलं जिल्ह्यातून तपासणी आली."

आता शुक्रवार. शुक्रवारी मी शाळेत गेलो नाही. हे आधी लिहून घ्या. शाळेच्या आवारात पाय ठेवला नाही, गेटजवळ गेलो नाही, बसच्या मागं गेलो नाही. साकोलीला माझं काम होतं. आणि साकोलीत माझी गाडी पंक्चर झाली. गाडी कुठं पंक्चर व्हावी हे काय माणसाच्या हातात असतं? आणि पंक्चरचं दुकान शाळेच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे आहे, ते काय मी बांधलं?

दुकान कैलाशचं. त्यानं ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात बुडवली, फिरवली. बुडबुडा नाही.

"सर, ट्यूब तं चांगली आहे."

"पुन्हा पाहा."

पुन्हा पाहिलं. नाही. हवा भरली. मी म्हटलं मागचं चाक पाहा. मागचं पाहिलं. मग तो चहा प्यायला गेला, तो येईपर्यंत पुढचं पुन्हा बसलं. असं कसं होतं देव जाणे. चौथ्या वेळेला कैलाशनं ट्यूब हातात घेतलीच नाही. उकिडवा बसला माझ्यासमोर आणि हळूच म्हणाला, "सर, तुम्हाले बसायचं आहे तं बसा ना. मी काही म्हणतो काय? बिचाऱ्या गाडीची हवा कायले सोडता?"

आणि एक टायर ओढला माझ्यासाठी बसायला. बसलो टायरवर.

मधली सुटी झाली. पोरं बाहेर आली. मी डोळे बारीक करून शोधतो, कुठं एकटी उभी असेल, कोपऱ्यात असेल, भिंतीला टेकून... तर लिंबाच्या झाडाखाली पाच पोरींचा घोळका, आणि घोळक्याच्या मधोमध गुंजन! एक पोरगी उठली. डब्याचं झाकण मांडीला लावलं. छाती पुढं काढली, मान वर केली, तोंड हे एवढं मोठं उघडलं...

मी होतो तो. झाकण म्हणजे हेल्मेट.

मी टायरवर घट्ट बसून राहिलो. म्हटलं आता ही रडणार. आता दप्तर घेऊन पळणार. आणि गुंजन उठली, त्या पोरीच्या हातातून झाकण घेतलं, म्हणाली असेल "असं नाही, थांब", आणि स्वतः करून दाखवलं. जास्त चांगलं! मी सावधान म्हणताना डावा खांदा थोडा वर करतो, ते मलाही माहीत नव्हतं, ते तिनं बरोबर केलं. आणि मग हसली. पोट धरून, खाली वाकून, मातीला हात टेकून. मधे एवढा रुंद रस्ता, ट्रक चाललेले, तरी ते हसणं मला ऐकू आलं. दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, ते आता या घरातून गेलं.

कैलाश म्हणाला, "कोणती तुमची?"

मी म्हटलं, "ती मधली. हसून राहिली ती."

"रमली की."

रमली हो. पाचव्या दिवशी रमली. मी धरून चाललो होतो दिवाळी होईल, संक्रांत होईल, तोवर जावं लागेल येत-जात. आणि हिनं आठवडासुद्धा पूर्ण लागू दिला नाही. एवढी घाई कोणाला असते? मी कैलाशला म्हटलं, "भर हवा. दोन्ही चाकांत." आणि घरी आलो. ठरवलं, झालं आपलं काम. आता नाही जायचं.

आणि त्याच संध्याकाळी गुंजननं माझ्यापुढं चिठ्ठी ठेवली. मुख्याध्यापिका देवकाबाईंची. पालकांनी शनिवारी सकाळी शाळेच्या वेळेत कार्यालयात भेटावे.

"काय केलंस तू?"

"मी काही नाही केलं."

"भांडण झालं? अभ्यास राहिला? कोणी काही बोललं?"

"नाही म्हणते ना, बाबा."

खरं सांगू? मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला आनंद झाला. बोलावलं म्हणजे काही तरी अडलं! बोलावलं म्हणजे पोरगी इतकी काही रमली नसेल, वरवर हसत असेल, आत दुखत असेल, बाईंच्या लक्षात आलं असेल! आणि आता तर मी स्वतःहून जात नव्हतो, रीतसर चिठ्ठी होती, शिक्क्यासकट! पांढरा शर्ट इस्त्री केला. आरशासमोर उभा राहून म्हणून पाहिलं, "मॅडम, आईविना पोर आहे, सांभाळून घ्या"... ते बरोबर नाही वाटलं. मग म्हटलं, "मॅडम, नवीन आहे, सांभाळून घ्या." तेवढंच ठेवलं.

शनिवारी सकाळची शाळा. कार्यालयाबाहेर बाकावर बसलो. शेजारी आणखी एक बाप, त्याच्या पोरानं नळाची तोटी तोडली होती. तो मला विचारतो, "तुमच्या पोरीनं काय केलं?" मी अभिमानानं म्हटलं, "अजून कळलं नाही."

आत बोलावलं. देवकाबाई म्हणजे थंड बाई. आवाज चढत नाही, चष्मा कपाळावर. त्यांच्यासमोर वही उघडी. मी म्हटलं, "मॅडम, नवीन आहे, सांभाळून घ्या."

"तेच करून राहिलो आहोत, सर, सोमवारपासून," त्या म्हणाल्या आणि चष्मा खाली घेतला. "मंगळवारी तास चालू असताना वर्गात प्रवेश. शिक्षकाची तोंडी परीक्षा. बुधवारी परिपाठाला गेटबाहेरून आदेश. गुरुवारी फोन, नऊ. शुक्रवारी समोरच्या दुकानात साडेतीन तास."

"गाडी पंक्चर होती, मॅडम."

"चार वेळा?"

"रस्ता खराब आहे."

"उभी गाडी पंक्चर होत नाही, सर."

मी खाली बघायला लागलो. मला आठवेना मी याआधी असा कधी उभा राहिलो होतो. आजवर माझ्यासमोर कितीतरी बाप असे उभे राहिले, मान खाली, चपलेच्या अंगठ्याकडे बघत. त्यांना कसं वाटत असेल याचा विचार मी कधी केला नव्हता, बघा.

देवकाबाईंनी पेन उघडलं. म्हणाल्या, "आता हे समजावून कोणाले सांगू? घरी मोठं कोणी आहे काय?"

मी पुन्हा चपलेच्या अंगठ्याकडे बघितलं. मग त्यांच्याही लक्षात आलं असावं, प्रवेशाचा फॉर्म त्यांनीच पाहिला होता. पेन तसंच हातात राहिलं. भिंतीवरच्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी शिपायाला हाक मारली, "आठवी बमधून गुंजन लांजेवारले बोलाव."

गुंजन आली. दारातून म्हणाली, "आत येऊ का मॅडम?" किती स्पष्ट! मॅडम म्हणाल्या, "ये. बस." आणि ती खुर्चीवर बसली! मी उभा!

"गुंजन, तुहे बाबा शाळेत रमून नाही राहिले."

"हो, मॅडम."

"घरी कसे राहतात?"

"घरी चांगले राहतात, मॅडम. बाहेर आले की असं करतात."

"कोणाची संगत?"

"नाही, मॅडम. एकटेच असतात." ती थोडी थांबली. माझ्याकडे बघितलं नाही, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती. "म्हणूनच करतात."

आता तुम्हाला सांगतो, मला त्या वेळी पंख्याकडे बघावं लागलं. धूळ फार होती पंख्यावर.

देवकाबाई म्हणाल्या, "पहिला आठवडा आहे. होते असं. काहींले वेळ लागते."

"थोडा वेळ द्या त्यांना, मॅडम. मी घरी समजावून सांगते. लक्षही ठेवीन."

"पुन्हा असं झालं तं?"

"नाही होणार," गुंजन म्हणाली आणि आता माझ्याकडे वळली. "नाही होणार ना?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांगा, बाबा."

"नाही होणार, मॅडम," मी म्हणालो. कोणत्या मॅडमला म्हणालो ते मलाही नक्की सांगता येत नाही.

देवकाबाईंनी वही फिरवून तिच्यासमोर सरकवली. तिनं लिहिलं, पेनाला टोपण लावलं, परत दिलं. बाहेर व्हरांड्यात आलो तर माझ्या शर्टची कॉलर नीट केली तिनं. म्हणाली, "सरळ शाळेत जा आता. कुठं थांबू नका. भय्याजी गुरुजी एकटे आहेत." आणि गेली वर्गात. आत गेल्यावर कोणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण ती हसल्याचं ऐकू आलं.

मी निघालोच होतो. पण कार्यालयाचं दार उघडं होतं आणि वही टेबलावर तशीच उघडी, उन्हात. मी दारातूनच वाकून पाहिलं. आत पाय ठेवला नाही! शेवटच्या रकान्यात, 'पालकाची सही' लिहिलेलं असतं ना, त्याच्याखाली पूर्ण नाव. गुंजन केवळराम लांजेवार.

अक्षर सुंदर आहे हो पोरीचं. मीच शिकवलं आहे.